पिलो इन्स्टॉल झाली, तरी पायथन म्हणतो ‘पीआयएल सापडत नाही’. ही भानगड काय आहे?

नालासोपारा पूर्वेला माझ्या मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. नावाला झेरॉक्स, खरा धंदा ऑनलाइन अर्ज भरून देण्याचा. उत्पन्नाचा दाखला, कॉलेज प्रवेश, बँकेच्या परीक्षा, रेल्वेची भरती, काहीही. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

“अगं, तू ते टेक्नॉलॉजीचं काहीतरी लिहितेस ना? आपला फोटो छोटा करायचा प्रोग्रॅम बंद पडलाय. सकाळपर्यंत मस्त चालत होता. मी ते पिलो का काय ते परत टाकलं. ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हणतो, आणि प्रोग्रॅम चालवला की पुन्हा तेच. नो मॉड्यूल नेम्ड पीआयएल.”

“दादा, मी बातम्या लिहिते, प्रोग्रॅम नाही,” असं सांगून पाहिलं. “मग बातमी आहे असं समजून ये,” म्हणाला. वसई रोडवरून नालासोपारा पुढचंच स्टेशन, त्यामुळे लांब पडतं अशी सबबही नव्हती.

हा प्रोग्रॅम त्याला का लागतो, ते आधी सांगते. आयबीपीएसच्या बँक परीक्षांचं उदाहरण घ्या. तिथे अर्जाला लावायचा फोटो २० ते ५० केबीचा हवा, सही १० ते २० केबीची, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबीचा. मोबाइलवर काढलेला साधा फोटो सहज दोन-तीन एमबीचा असतो, म्हणजे हव्या त्यापेक्षा पन्नासपट मोठा. तो छोटा करून देणाऱ्या फुकट वेबसाइट्स ढीगभर आहेत. पण तिथे तुम्ही काय चढवताय ते बघा. एका माणसाचा चेहरा, त्याची सही आणि अंगठ्याचा ठसा, तिन्ही एकदम, कुणाच्या तरी अनोळखी सर्व्हरवर. दादाचं गणित साधं आहे: गिऱ्हाइकाची सही दुकानाबाहेर जाता कामा नये. म्हणून त्याने ओळखीच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून पायथनमध्ये तीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहून घेतला होता. फोटो फोल्डरमध्ये टाका, आयकॉनवर डबल क्लिक करा, छोटे होऊन बाहेर येतात. इंटरनेटची गरज नाही.

आणि तोच आता बंद होता. बाकावर सहा-सात मुलं बसलेली, सगळ्यांची मुदत दुसऱ्या दिवशी संपणारी.

इम्पोर्ट म्हणजे काय, आणि तो अडतो कुठे?

पायथन सगळी कामं एकटा करत नाही. फोटो उघडणं, लहान करणं, फिरवणं, पीएनजीचं जेपीजी करणं यासाठी त्याला बाहेरून लायब्ररी आणावी लागते. फोटोंच्या कामासाठी सर्रास वापरली जाते ती पिलो.

लायब्ररी कामाला लागण्याचे दोन टप्पे असतात. पहिला इन्स्टॉल. यात पिप नावाचं साधन पायथनच्या अधिकृत भांडारातून, म्हणजे पायपीआयवरून, लायब्ररी उतरवून तुमच्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवतं. दुसरा इम्पोर्ट. प्रोग्रॅम सुरू झाला की पायथन काही ठरावीक फोल्डर धुंडाळून ती लायब्ररी शोधतो. एकजण सामान ठेवतो, दुसरा शोधतो. दोघं वेगवेगळ्या जागी गेले की ‘सापडत नाही’ ही तक्रार आलीच.

एरर आली की बहुतेक लोक पहिली ओळ वाचून घाबरतात. खरं तर शेवटची ओळ वाचायची असते, कारण नेमका दोष तिथे लिहिलेला असतो. पिलोच्या बाबतीत साधारण तीन प्रकारची वाक्यं दिसतात. ‘नो मॉड्यूल नेम्ड’ म्हणजे घरच सापडलं नाही. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ म्हणजे घर सापडलं, पण हवा तो माणूस आत नाही. आणि ‘डीएलएल लोड फेल्ड’ म्हणजे माणूस आहे, पण दार उघडत नाही. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि इलाजही. बरेच जण तिन्हींवर एकच औषध देतात, पुन्हा पुन्हा इन्स्टॉल. दादाने माझ्या येण्याआधी ते चार वेळा दिलं होतं.

(पुढे ज्या कमांड येतील त्या टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या आहेत. इथे त्या वाचताना अडखळायला नको म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत.)

आणायची पिलो आणि हाक मारायची पीआयएल?

पहिला गोंधळ नावाचा. पीआयएल म्हटलं की आपल्याला हायकोर्टातली जनहित याचिका आठवते. इथे त्याचा अर्थ आहे पायथन इमेजिंग लायब्ररी. इन्स्टॉल करताना ‘पिलो’ म्हणायचं आणि प्रोग्रॅममध्ये बोलावताना ‘फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट इमेज’ असं लिहायचं. एकाच वस्तूला दोन नावं कशाला?

वसईकरांना हे समजावायला फार वेळ लागू नये. आमच्या स्टेशनवर पाटी आहे वसई रोड. पण रेल्वेच्या कागदावर या स्टेशनचा कोड आजही बीएसआर आहे. यातला बी ‘बसीन’चा, इंग्रजांनी वसईला दिलेल्या नावाचा. पाटी बदलली, कोड राहिला, कारण कोड बदलला तर त्यावर बेतलेलं बाकी सगळं बदलावं लागतं. तसंच आमच्याकडच्या जुन्या कागदपत्रांचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तरी लोकांच्या दाखल्यांवर ‘जिल्हा ठाणे’ अजून सापडतंच.

पिलोचं असंच झालं. मूळ लायब्ररी फ्रेडरिक लुंड या स्वीडिश प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये सुरू केली, तिचं नाव पीआयएल. तिची शेवटची आवृत्ती, १.१.७, आली २००९ मध्ये. त्यानंतर काम थांबलं. ती पायथन २ साठी होती, पायथन ३ वर कधी पोचलीच नाही. २०१० मध्ये अॅलेक्स क्लार्क यांनी तिचा नवा फाटा काढला, तो पिलो. गंमत म्हणजे या फाट्यामागचं एक मोठं कारण इन्स्टॉलेशनची कटकट हेच होतं. त्या वेळच्या नव्या साधनांनी पीआयएल नीट इन्स्टॉल होत नव्हती. म्हणजे जी लायब्ररी इन्स्टॉल होत नाही म्हणून आज लोक डोकं धरून बसतात, तिचा जन्मच त्या डोकेदुखीतून झालाय. २०१३ मध्ये पिलो २.० पायथन ३ वर चालायला लागली आणि जुनी पीआयएल इतिहासजमा झाली.

पण तोवर असंख्य प्रोग्रॅममध्ये ‘फ्रॉम पीआयएल’ असं लिहिलेलं होतं. ते सगळे मोडू नयेत म्हणून पिलोने आतलं नाव पीआयएलच ठेवलं. त्यामुळे ‘पिप इन्स्टॉल पीआयएल’ असं केलंत तर जुळणारी लायब्ररी मिळत नाही असं उत्तर येतं, आणि ‘इम्पोर्ट पिलो’ असं लिहिलंत तर मॉड्यूल नाही असं. दोन्ही नावं आपापल्या जागी बरोबर, जागा बदलल्या की चूक.

अशी पिलो एकटी नाही. फोटो ओळखण्याच्या कामात वापरतात ती ओपनसीव्ही इन्स्टॉल होते ‘ओपनसीव्ही-पायथन’ या नावाने आणि इम्पोर्ट होते ‘सीव्ही२’ म्हणून. कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांना हा धक्का दर वर्षी नव्याने बसतो.

अक्षरांच्या आकाराकडेही लक्ष हवं. पीआयएलची तिन्ही अक्षरं कॅपिटल, आणि त्यापुढच्या ‘इमेज’मधला आय कॅपिटल. एकही अक्षर लहान झालं की एरर. मराठीत लहानमोठी अक्षरं नसतात, त्यामुळे आपल्या नजरेतून हे हमखास सुटतं, असं माझं मत.

एकाच बिल्डिंगमध्ये दोन विंग

दादाच्या प्रोग्रॅममध्ये नाव बरोबर होतं. मग?

“दुपारी कॉम्प्युटरवर कुणी काही टाकलं का?” मी विचारलं.

“हा बसला होता ना,” दादाने काउंटरवरच्या पोराकडे बोट दाखवलं. “कॉलेजचं प्रॅक्टिकल करत होता.”

तिथे उलगडा झाला. त्या मुलाने प्रॅक्टिकलसाठी नवीन पायथन टाकला होता. जुना काढलेला नव्हता. म्हणजे एका कॉम्प्युटरवर आता दोन पायथन होते, आणि प्रत्येक पायथनला लायब्ऱ्या ठेवायचा स्वतःचा वेगळा फोल्डर असतो.

आमच्याकडे बिल्डिंगचं नाव बहुतेक साईवरून असतं, आणि तिला ए विंग, बी विंग असते. पार्सलवर फक्त बिल्डिंगचं नाव लिहिलं की डिलिव्हरीवाला ज्या विंगेत आधी शिरेल तिथे ते ठेवून जातो. त्याच्या ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं आणि तुम्ही दुसऱ्या विंगेत वाट बघत बसता. दोघंही खोटं बोलत नसतात.

विंडोजवर नेमकं काय झालं ते बघा. नवीन पायथन टाकताना इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर ‘ॲड टू पाथ’ असा एक चौकोन असतो. तो आपोआप टिक केलेला नसतो, आणि त्या मुलानेही केला नव्हता. त्यामुळे काळ्या खिडकीत नुसतं ‘पिप’ लिहिलं की विंडोजला जुन्याच पायथनचा पिप सापडत होता. उलट प्रोग्रॅमच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की ‘पीवाय’ नावाचा लाँचर मध्ये येतो, आणि तो सहसा सर्वांत नवा पायथन उचलतो. दादा दर वेळी पिलो ठेवत होता ए विंगेत, आणि प्रोग्रॅम शोधत होता बी विंगेत.

किती पायथन आहेत हे बघायला काळ्या खिडकीत ‘पीवाय’, मग स्पेस, मग ‘डॅश शून्य पी’ लिहा. सगळ्या पायथनांची यादी पत्त्यासकट येते. दादाकडे दोन ओळी आल्या.

इलाज एका ओळीचा होता. नुसतं ‘पिप इन्स्टॉल पिलो’ लिहिण्याऐवजी ‘पीवाय डॅश एम पिप इन्स्टॉल पिलो’. ‘डॅश एम’चा अर्थ साधारण असा की, हा जो पायथन मी आत्ता बोलावतोय, त्याचाच पिप वापर, दुसऱ्या कुणाचा नको. लिनक्स किंवा मॅकवर पीवायच्या जागी ‘पायथन३’ येतं. इन्स्टॉलेशनच्या अडचणींवर मला एकच सवय सुचवायची मुभा दिली, तर मी हीच सुचवेन. ‘पिप’ कधीही एकटं लिहू नका.

वीसेक सेकंदांत पिलो योग्य विंगेत पोचली. दादाने डबल क्लिक केलं आणि फोल्डरमध्ये छोटे फोटो येऊन पडले. बाकावरच्या मुलांना यातलं काहीच कळलं नव्हतं, त्यांनी फक्त “पुढचा कोण?” एवढं ऐकलं.

तुम्ही व्हीएस कोड वापरत असाल तर हाच घोळ वेगळ्या रूपात भेटतो. खिडकीच्या खालच्या पट्टीत कुठला पायथन निवडलाय ते दिसतं, तो आणि टर्मिनलमधला वेगळा असू शकतो. ज्युपिटर नोटबुकमध्ये टक्क्याचं चिन्ह लावून ‘%पिप इन्स्टॉल पिलो’ असं लिहिलं की लायब्ररी त्याच नोटबुकच्या पायथनमध्ये जाते. आणि नव्या उबुंटूवर पिप थेट इन्स्टॉल करायलाच नकार देऊन ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ असं सुनावतो. ती एरर म्हणजे बिघाड नाही. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका, आपल्या प्रोजेक्टसाठी वेगळं ‘व्हेन्व’ करा, एवढंच तिचं म्हणणं असतं.

पेनड्राइव्हवरून आणलेली लायब्ररी

मी निघणार होते, तेवढ्यात दादाला दुसऱ्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर आठवला. हा विंडोज ७ चा, प्रिंटरसाठी ठेवलेला. तिथेही प्रोग्रॅम हवा म्हणून त्याने मागे एकदा मोठ्या कॉम्प्युटरवरचा पिलोचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन इथे चिकटवला होता. तो कधी चाललाच नाही. इथली एरर वेगळी होती: कॅनॉट इम्पोर्ट नेम, अंडरस्कोअर इमेजिंग.

अंडरस्कोअर इमेजिंग हे काय प्रकरण आहे? पिलोचा वरचा थर पायथनमध्ये लिहिलेला आहे, पण लाखो ठिपक्यांचं जड काम आतला थर करतो, तो सी भाषेत लिहिलेला. हा आतला थर आधीच कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत तयार करून, येतो. आणि तो तयार करताना पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ३२ बिट की ६४ बिट, या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असतात. साच्यातून काढलेल्या किल्लीसारखं आहे ते. किल्ली हुबेहूब किल्लीच दिसते, पण दुसऱ्या कुलपाला लागत नाही. फोल्डर कॉपी केला की पायथनचा थर येतो, म्हणून ‘पीआयएल’ हे घर सापडतं. आतला माणूस मात्र या मशीनवर बोलू शकत नाही.

म्हणून लायब्ररी कधी कॉपी करू नये, त्या मशीनवरच्या पायथनला ती स्वतः आणू द्यावी. पिप बरोबर साचा निवडतो. आधी ‘पिप अनइन्स्टॉल पिलो’, चिकटवलेला फोल्डर उरला असेल तर तो हाताने काढून टाकणं, मग पुन्हा इन्स्टॉल. अर्थात ‘पीवाय डॅश एम’ लावून.

विंडोज ७ चं आणखी एक आहे. पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, ३.८ हा तिथला शेवटचा थांबा. आणि पिलोनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ११.० पासून ३.८ ला रामराम ठोकला. त्यामुळे अशा मशीनवर पिलो १०.४ हीच शेवटची चालणारी. पिप फार जुना नसेल तर तो स्वतःच तिच्यापाशी थांबतो. असं मशीन इंटरनेटपासून दूर ठेवून नुसत्या प्रिंटरसाठी वापरणं हेच बरं, हे मी दादाला सांगितलं. त्याने मान हलवली. किती ऐकलं माहीत नाही.

याच्या उलटही घडतं. पायथनची अगदी नवी, काल-परवा आलेली आवृत्ती घेतली की तिच्यासाठी तयार साचा अजून आलेला नसतो. मग पिप मूळ सी कोड उतरवून तुमच्याच कॉम्प्युटरवर कंपाइल करायला बसतो, तिथे झेडलिब किंवा जेपेगच्या फाइल्स सापडत नाहीत आणि लाल अक्षरांचा पूर येतो. त्या पुरात उतरू नका. एक आवृत्ती मागचा पायथन घ्या, पाच मिनिटांत काम होईल.

चूक आपल्याच फाइलच्या नावात

हे लिहायला जरा लाज वाटते, कारण हे मी स्वतः केलंय. शिकताना मी सरावाच्या फाइलला नाव दिलं होतं ‘पीआयएल डॉट पीवाय’, तेही कॅपिटलमध्ये. पायथन लायब्ररी शोधताना सर्वांत आधी प्रोग्रॅम आहे त्याच फोल्डरमध्ये बघतो. तिथे त्याला माझीच फाइल मिळाली, तिलाच तो लायब्ररी समजला, आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ अशी काहीतरी अगम्य तक्रार करून बंद पडला. आपणच आपल्या दारावर दुसऱ्याची पाटी लावायची आणि पत्रं का येत नाहीत म्हणून पोस्टमनला झापायचं, तसला प्रकार. फाइलचं नाव बदललं, झालं.

आणखी एक सापळा आहे, तो इम्पोर्टचा नसला तरी लोक त्यालाही इन्स्टॉलेशनचा दोष समजतात. फोटो लहान करताना कडा गुळगुळीत राहाव्यात म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘अँटीएलियास’ हा शब्द वापरलेला असतो. जुलै २०२३ मध्ये आलेल्या पिलो १०.० मधून तो काढून टाकला. त्याच्या जागी ‘लँक्झॉस’ लिहायचं, काम तेच होतं. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून कोड उतरवणाऱ्यांना ही एरर हटकून येते, आणि एआय चॅटबॉटलाही जुनंच पाठ असेल तर तोही अधूनमधून तेच लिहून देतो.

घाईत नाव चुकलं तर?

आता थोडं गंभीर. पिलोच्या स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत. घाईत एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं आणि आपल्याला वाटतं, फार तर एरर येईल. नेहमी तसं होत नाही. पायपीआयवर कुणीही लायब्ररी चढवू शकतो, आणि प्रसिद्ध लायब्ररीसारखं दिसणारं नाव घेऊन तोतये तिथे दबा धरून बसतात.

डिसेंबर २०१९ मध्ये असाच एक तोतया सापडला. ‘जेलीफिश’ नावाची खरी लायब्ररी आहे. तोतयाने नावातल्या एका लहान एलच्या जागी कॅपिटल आय घातला होता. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं सारखीच दिसतात. जवळपास वर्षभर तो भांडारात होता, आणि इन्स्टॉल करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून एसएसएच आणि जीपीजीच्या गुप्त किल्ल्या चोरायला लिहिलेला होता.

दादाच्या दुकानात लोकांच्या सह्या आणि अंगठ्याचे ठसे आहेत. त्या वेबसाइट्स टाळून आपण सुरक्षित झालो असं मानायचं आणि इन्स्टॉल करताना नाव न वाचता एंटर दाबायचं, तर सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही. नाव हाताने टाइप करण्यापेक्षा पिलोच्या अधिकृत पानावरून कॉपी केलेलं चांगलं.

सगळं चालू झालं, पण ‘विरार’ मोडलं

आठवड्याने दादाचा पुन्हा फोन. या वेळी एरर नव्हती. त्याच प्रोग्रॅममध्ये थोडी भर घालून तो व्हॉट्सॲपवर टाकायच्या सूचनांचे फोटो बनवत होता: कुठला अर्ज, शेवटची तारीख, दुकानाचा पत्ता. मराठीत. त्याने पाठवलेल्या फोटोत ‘विरार’मधली पहिली वेलांटी व सोडून पुढच्या र च्या डोक्यावर बसली होती. ‘अर्ज’मधला रफार खाली उतरून पाय मोडका र झाला होता. ‘महाराष्ट्र’मधले ष आणि ट जोडाक्षर सोडून आपापले पाय मोडून सुटे उभे होते.

“फॉन्ट बदलून पाहिला,” दादा म्हणाला. “सगळीकडे तेच.”

कारण दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये ‘वि’ साठवताना आधी व असतो, मग वेलांटी. बोलतो त्या क्रमाने. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. जुन्या मराठी टाइपरायटरवर आणि युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करणाराच वेलांटी आधी उमटवायचा, त्यामुळे प्रश्न नव्हता. युनिकोड आल्यावर ही जुळवाजुळव सॉफ्टवेअरच्या गळ्यात पडली. ब्राउझर, वर्ड, मोबाइल ती गुपचूप करतात, म्हणून आपल्याला कळत नाही. पिलो एकटी ती करत नाही. ती अक्षरं मिळाली त्या क्रमाने ओळीत मांडते. इंग्रजीला तेवढं पुरतं.

ही सोय पिलोत २०१७ च्या ४.२ आवृत्तीपासून आली, पण ‘रक्म’ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीच्या मदतीने. रक्म पुढे दोघांवर अवलंबून. हार्फबझ अक्षरांची जुळणी करते, आणि फ्रिबिडी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या सांभाळते. मराठीला फ्रिबिडीची तशी काहीच गरज नाही, ती अरबी-उर्दूची गरज. पण ती नसेल तर रक्मच चालू होत नाही आणि ‘विरार’ मोडतं. पिलो ८.२ पासून रक्म पिलोसोबतच येते, फ्रिबिडी मात्र कॉम्प्युटरवर वेगळी असावी लागते. लिनक्सवर ती बऱ्याचदा आधीच असते. विंडोजवर तिची डीएलएल फाइल स्वतः मिळवून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते.

म्हणजे हाही मुळात ‘सापडत नाही’चाच प्रकार. फरक एवढाच की इथे पायथन ओरडत नाही, मुकाट्याने चुकीचं मराठी छापून मोकळा होतो. मला विचाराल तर ही जास्त वाईट एरर आहे. तपासायला पीआयएलमधून ‘फीचर्स’ इम्पोर्ट करा आणि ‘फीचर्स डॉट चेक’ला ‘रक्म’ विचारा. ट्रू आलं तर ठीक, फॉल्स आलं तर मराठी मोडणार.

दादाच्या कॉम्प्युटरवर फॉल्स आलं. डीएलएल फाइल कुठल्याही डाउनलोड साइटवरून उचलायला मी त्याला साफ मनाई केली, कारण तिथेही तोतये असतात. शेवटी प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या मुलानेच ती मूळ कोडवरून कंपाइल करून दिली. त्यानंतर ट्रू आलं, आणि विरारची वेलांटी जागेवर गेली.

दोन दिवसांनी दादाचा मेसेज आला. ‘शेवटची तारीख’मधला श आणि ‘रेल्वे’मधला ल हिंदीसारखे दिसतात, म्हणे. पिलोत अक्षरं काढताना ‘लँग्वेज’ म्हणून मराठीचा कोड, ‘एमआर’, देता येतो, आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं असतील तर ती वापरली जातात. रक्म चालू असल्याशिवाय हे होत नाही, ती आता होतीच. एक शब्द वाढवायचा होता. तो त्याने माझ्याशिवाय वाढवला.